बेसिनखालचं पाणी

"उजेड इकडे धरा, अण्णा. माझ्या डोळ्यांत नक्को."

"इकडे म्हणजे कोठे? मज इकडून तुझे पाय तेवढे दिसतात."

सुनंदाबाई हॉलमधल्या बेसिनखाली डाव्या कुशीवर आडव्या झाल्या होत्या. डोक्याखाली जुनी चादर घडी करून घेतली होती, पदर कमरेला खोचलेला होता. त्यांचे थोरले भाऊ राणोजी शेजारच्या खुर्चीत बसून डाव्या हातात टॉर्च धरून होते. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो तसाच.

बेसिनखालचा कॉक चार दिवस ठिबकत होता. पहिल्या दिवशी त्यांनी खाली वाटी ठेवली, दुसऱ्या दिवशी पातेलं, तिसऱ्या दिवशी बादली. पण थेंब काही ठरल्या जागी पडत नव्हते. पाइपावरून ओघळत जमिनीवर येत. सोमवारी सकाळी राणोजी चूळ भरायला उठले आणि त्यांची काठी ओल्या फरशीवरून हातभर सरकली. बेसिनची कड हाताशी आली म्हणून सावरले. त्या दिवसापासून सुनंदाबाईंच्या जिवाला घोर लागला होता.

काम तसं दहा मिनिटांचं. कॉकच्या मुठीमागचा नट आवळायचा, बस्स. असले नट त्यांनी आजवर शेकड्यांनी आवळले होते. मुलींच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्या चौतीस वर्षं सहायक होत्या. तिथल्या नळांची दुरुस्ती करायला कोणी वेळेवर येत नसे, म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्या प्लंबरच्या शेजारी उभं राहून सगळं शिकून घेतलं होतं. हे मराठी घराणं पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखातलं. मैलापुरातल्या ह्या आठ घरांच्या इमारतीत आल्यापासून त्यांच्या घरात परक्या माणसाचा पाना फिरला नव्हता. राणोजींचा मुलगा विश्वेश ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात होता. तो रविवारी यायचा आणि म्हणायचा, "आत्या, फोन केला की माणूस येतो. तुम्ही का बेसिनखाली निजता?" त्या म्हणत, "माणूस येतो नि जातो. नळ आमच्याकडेच राहतो."

पण गेल्या वर्षभरात उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू झालं होतं. सांधा झिजला आहे, असं डॉक्टर म्हणाले. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्या आता फडक्यात धरून उघडत. मार्गळीच्या महिन्यात, डिसेंबरअखेरीस, खालच्या विमलाने तिच्या स्वयंपाकघरातला वॉशर बदलायला बोलावलं, तेव्हा वीस मिनिटं खटपट करून त्या म्हणाल्या होत्या, "ह्या मापाचा वॉशर मिळत नाही हो." वॉशर त्यांच्या पिशवीतच होता.

"फिरतं की?" राणोजींनी विचारलं.

"क्षार चढलाय. बोअरचं पाणी. दगड जालाय अगदी."

त्यांनी नटावर रॉकेलचे थेंब सोडले, थोडा वेळ थांबल्या, मग पान्याच्या दांड्यावर फूटभर लांबीचा लोखंडी पाइप चढवला. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो, हे त्यांनी कॉलेजात पोरींना कितीदा दाखवलं होतं. पोरींना आणखीही एक गोष्ट त्या सांगत: पाणी बंद केल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. आज त्यांनी पाणी बंद केलं नव्हतं. त्यासाठी गच्चीवर जावं लागे, पहिल्या मजल्यावरून तीन जिने. गुडघा सकाळपासून कुरकुरत होता. आणि नुसता नट तर आवळायचा होता.

त्यांनी दोन्ही हातांनी पाइप धरला आणि अंगाचा भार टाकला.

काहीतरी फिरलं. हाताला ते बरं वाटलं, पण क्षणभरच. नट फिरला नव्हता, सगळा कॉकच फिरला होता, आणि त्याच्याबरोबर भिंतीतला पाइपाचा तुकडा कटकन मोडून बाहेर आला. पाण्याची धार त्यांच्या खांद्यावर आदळली, तिथून समोरच्या भिंतीवर.

बेसिनखालून बाहेर यायला त्यांना केवढा वेळ लागला. आधी गुडघा, मग कोपर, मग बेसिनची कड धरून उभं राहणं. तोवर पाणी राणोजींच्या खुर्चीखाली पोचलं होतं.

"अण्णा, उठू नका. काही जालं तरी उठू नका. बसा उगे. मी वरी जाऊन बंद करून येतें."

"लवकर ये," राणोजी म्हणाले. टॉर्च त्यांच्या हातात तशीच जळत होती.

जिन्यावर त्या मनात एकच गोष्ट घोकत होत्या: अण्णा उठायला नको. ओल्या फरशीवर काठी टेकली की माणूस गेला. दुसऱ्या मजल्यावर दोन्ही घरांना कुलूप. सकाळचे अकरा वाजले होते, सगळे कामावर. तिसऱ्या मजल्यावर दम लागून त्या कठड्याला टेकल्या, दहा आकडे मोजले आणि पुन्हा चढू लागल्या.

गच्चीवर टाकीखाली आठ व्हॉल्व्ह ओळीने होते. त्यांच्यावरचे घरांचे नंबर सुनंदाबाईंनीच पूर्वी लाल रंगाने रंगवले होते. रंग उडाला होता, पण आपला तिसरा, हे त्यांना ठाऊक होतं. उन्हाने चाक तापलं होतं. त्यांनी पदर गुंडाळून ते धरलं. एक फेरा फिरला, मग अर्धा, मग अडलं. त्यांनी डावा हात वर ठेवला, मग दोन्ही कोपरं जवळ घेऊन जोर लावला. अंगठ्यातून कळ निघून थेट कोपरापर्यंत गेली आणि बोटं आपोआप सुटली. कान लावला तर पाइपातून पाणी अजून वाहत होतं.

त्यांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. एवढं त्यांना कळत होतं. खाली वाहत्या पाण्यात आपला भाऊ बसला आहे आणि इथे आपण हाताची परीक्षा घेतोय, ह्याला अर्थ नाही.

एक जिना उतरून त्यांनी चारुलताच्या घराची बेल वाजवली. ही जळगावची मुलगी, कॉम्प्युटरच्या कंपनीत होती आणि बरेच दिवस घरूनच काम करायची. दीड वर्षात दोघींचं बोलणं जिन्यात भेटल्यावर होई तेवढंच. दोघीही मराठी बोलत, पण आपापल्या मुलखाची, आणि दोघींनाही एकमेकींचं निम्मंच कळे.

दार उघडलं. चारुलताच्या कानात हेडफोन होते, हातात पेन.

"काकू? काय झालं, एवढ्या भिजलात?"

"मज हात देशील की? वरी व्हॉल्व्ह बंद कराचा अहे. माझ्याच्याने होईना."

'होईना' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि तो काढायला वाटला होता तेवढा जड गेला नाही. चारुलताने हेडफोन काढून चपलांच्या कपाटावर ठेवले आणि ती अनवाणीच वर धावली. तिने दोन्ही हातांनी चाक धरलं, एक पाय भिंतीला लावला आणि दात खाऊन फिरवलं. पाइपातला आवाज थांबला.

"अण्णा खाली एकले अहेत," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि मुलीच्या आधी जिन्याकडे वळल्या.

हॉलमध्ये खुर्ची रिकामी होती.

मग बेसिनखाली पांढरं धोतर दिसलं. राणोजी भिंतीला पाठ टेकून पाय पसरून फरशीवर बसले होते. धोतराचा सोगा भिंतीतल्या भोकात कोंबून त्यांनी त्यावर डाव्या हाताचा तळवा गच्च दाबून धरला होता. सदरा अंगाला चिकटला होता, चष्म्यावर पाणी होतं, ओठ घट्ट मिटलेले. शहात्तर वर्षांत ह्या माणसाने घरात कधी खिळा ठोकला नव्हता. जन्मभर ऑफिसात कारकुनी केली, घरी आले की पेपर वाचला.

"अण्णा, काढा हात. पाणी बंद जालं."

"खरंच जालं?"

"जालं. काढा."

त्यांनी हात काढला नाही. सुनंदाबाई वाकल्या आणि त्यांचं एकेक बोट सोडवलं. पाइपाची मोडकी कड तळव्यात रुतली होती आणि तिथे थोडं रक्त आलं होतं. भोकातून पाण्याचा शेवटचा घोट बाहेर पडला आणि संपला.

"मज उठता येत नाही," राणोजी म्हणाले.

चारुलताने मागून दोन्ही काखांत हात घातले, सुनंदाबाईंनी गुडघ्यांशी धरलं. दोघींनी मिळून त्यांना खुर्चीत बसवलं. चारुलताने न सांगता मोरीतला पोछा आणला आणि ती दारापासून पाणी ओढू लागली.

सुनंदाबाईंनी भावाचा सदरा काढला, अंग पुसलं, आणि मग इतका वेळ दाबून ठेवलेला राग बाहेर आला.

"उठू नका म्हणून सांगितलं होतं की नाही? पडले असते तर?"

"पडलोच. हळू पडलो. खुर्चीवरून खाली, मग बसल्या बसल्या सरकत." त्यांनी तळवा समोर धरून पाहिला. "अस्क पाणी, सगळंच, कपाटाकडे चाललं होतं. आपल्या अम्माचं रेशमी पातळ खालच्या खणात अहे." मग थोडं थांबून म्हणाले, "सुनंदा, बोटांनी थांबत नाही. दोन वेळा निसटलं. मनगटाकडून दाबाचं. तेव्हा थांबतं."

सुनंदाबाई टॉवेल हातात धरून उभ्या राहिल्या. रागावण्यासारखं आणखी बरंच होतं. पण हे त्यांना बरोबर वाटलं. त्यांनीही मनगटाकडूनच दाबलं असतं.

"हो," त्या म्हणाल्या. "तसंच दाबाचं असतं."

फरशी कोरडी करून चारुलता जायला निघाली, तेव्हा सुनंदाबाईंनी विचारलं, "तुझ्याकडे कोण्या प्लंबरचा नंबर अहे की?"

"आहे ना काकू. नारायणस्वामी म्हणून आहेत, चांगले आहेत. मी लावून देऊ फोन?"

"नक्को. नंबर दे. मीच बोलतें."

नारायणस्वामी दुपारी दोनला आला. पन्नाशीचा, अंगाने रोड, कानावर पेन्सिल. चपला दाराबाहेर काढून तो थेट बेसिनखाली गेला. राणोजी जेवून आत झोपले होते, तळव्याला पट्टी बांधलेली. सुनंदाबाई जवळच स्टूल घेऊन बसल्या. आपण कुठे बसावं हे त्यांना पहिल्यांदा कळेना. अशा वेळी त्या नेहमी आत असत, बेसिनखाली.

त्याचं काम नीट होतं. भिंतीत अडकलेला तुकडा त्याने घाई न करता करवतीच्या पात्याने आतून दोन जागी चिरला आणि आत वळवून काढला. आटे साफ केले, फुंकर मारली, बोट फिरवून पाहिलं. सुनंदाबाईंना चूक काढायला कुठे जागा सापडली नाही. मग त्याने मोडलेला कॉक उचलून उजेडात धरला आणि त्यातून पाइपाचा तुकडा पिळून काढायचा प्रयत्न केला. तुकडा हलला नाही. त्याने दोन पाने लावले, गुडघ्याखाली धरून जोर केला. तरीही हलला नाही.

"हे कोणी बसवलं होतं, अम्मा?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"का?"

"सूत आणि सफेदा लावून केलेला जोड आहे. असं आता कोणी करत नाही, सगळे टेप लावतात. तीस वर्षं तरी झाली असतील. पाइप मोडला, पण जोड सुटला नाही. फार जोर होता त्या माणसाच्या हातात."

सुनंदाबाईंना तो दिवस आठवला. रविवार होता, त्यांची आई, अम्मा, स्वयंपाकघरात होत्या, आणि त्या स्वतः अडतीस वर्षांच्या. कॉक बसवून झाल्यावर त्यांनी पान्याला एक जादा हिसका दिला होता, पुन्हा कधी बघायला लागू नये म्हणून.

"मीच बसवलं होतं," त्या म्हणाल्या.

नारायणस्वामीने वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याकडे, मग मांडीवरच्या हातांकडे, सुजलेल्या अंगठ्याकडे. तो हसला नाही आणि नवल वाटल्याचंही दाखवलं नाही. मोडका कॉक त्याने त्यांच्या हातात दिला, एका कारागिराने दुसऱ्याला बघायला द्यावा तसा.

नव्या कॉकला त्याने टेप गुंडाळली आणि तो भिंतीत हाताने फिरवत नेला. हात थांबल्यावर पाना उचलला.

"नारायणस्वामी," सुनंदाबाई म्हणाल्या, "फार आवळू नको. पुढे कधी काढायचा झाला तर मला काढता आला पाहिजे. माझ्या हाताला जमेल एवढाच ठेव."

तो थांबला. पाना कॉकवर तसाच टेकवून त्याने विचार केला.

"तुमच्या हाताला सुटेल एवढा ठेवला, तर गळेल अम्मा."

आत राणोजी खोकले आणि पुन्हा शांत झाले. बाहेर रस्त्यावर कोणी स्कूटर सुरू करत होतं, ती तिसऱ्या किकला सुरू झाली. सुनंदाबाईंनी बेसिनखालच्या फरशीकडे पाहिलं. ती आता कोरडी होती. उद्या सकाळी अण्णा काठी टेकत त्याच फरशीवरून चूळ भरायला येणार होते.

"सरि, बरं," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताने आवळ."

नारायणस्वामी वळला आणि त्याने पाना फिरवला. सुनंदाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. एक फेरा. अर्धा. आवाजावरून त्यांना कळलं की जोड आता बसला, इथे थांबायला हरकत नाही. त्याने आणखी पाव फेरा दिला. तेवढा जास्त झाला, असं त्यांना वाटलं. त्यांनी हातातला मोडका कॉक फरशीवर ठेवला.