माझ्यापर्यंत न पोचलेलं गाऱ्हाणं

मित्रांनो, काळाचौकीतल्या एका गणेश मंडळाच्या कार्यालयात, ताशांच्या मागे काळ्या पेटीत बसलेली हार्डडिस्क म्हणजे मी. वयाने जुनी, पोटाने जवळजवळ रिकामी.

जन्म परदेशी कारखान्यातला, पण शहाणपण आलं ते लालबागच्या एका फोटो स्टुडिओत. तिथे मी शेकडो लग्नं सांभाळली. त्यातली काही मोडली, पण माझ्याकडचा फोटो एकही हरवला नाही. मालक गिऱ्हाइकांपुढे माझं तोंडभर कौतुक करायचे. पुढे मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला आणि मालकांनी फोटो काढून घेऊन मला मंडळाला देऊन टाकलं. देणगीदारांच्या फलकावर नाव मात्र लावून घेतलं.

मंडळाचा कार्यकर्ता दीपक संगणकातला जाणकार. यंदा त्याने मंडळाचं अ‍ॅप बनवलं, त्यात गुणाजीनानांचा आवाज जपायचा म्हणून. नाना वर्षानुवर्षं बाप्पापुढे मालवणीत गाऱ्हाणं घालायचे. चाळीतल्या घराघराचं दुखणंखुपणं नाव घेऊन देवाच्या कानावर घालायचे. विसर्जनानंतर त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया होती. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं होतं.

अ‍ॅप चालायचं कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे संगणकातला मंडपच समजा. हवा तेव्हा उभारा, हवा तेव्हा सोडा. पण सोडला की आतलं सगळं जातं. टिकवायचं ते माझ्यासारखीच्या पोटात ठेवावं लागतं आणि त्यासाठी कंटेनरमधला फोल्डर मला जोडावा लागतो. शिवाय एक प्रत क्लाउडवर, म्हणजे दूरच्या संगणकांवर. दीपक म्हणाला, जोडणी करू सवडीने. समितीत क्लाउडचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, घरची डिस्क आहे की! मखराच्या रंगावर मात्र बैठकांवर बैठका झाल्या.

नाना रोज गाऱ्हाणं घालायचे, दीपक रोज रेकॉर्ड करायचा. ऐकणारे डोळे पुसायचे. मी हातभर अंतरावर कोरडी.

आमच्या मंडळाची रीत अशी, की मूर्ती निघाली की दुसऱ्या दिवशी मंडपाचा बांबूही दिसता कामा नये. दीपक रीतीचा पक्का. त्याने बांबू सोडवले, माळा उतरवल्या आणि त्याच सपाट्यात कंटेनरही काढून टाकला. जोडणी राहिलीय, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर नानांच्या पत्नी शेवंतीकाकी त्यांना घेऊन कार्यालयात आल्या.

"दीपक, ह्यांचा गाऱ्हाणां लाव रे. घर खाऊक उठता."

दीपकने मला उघडलं. बंद केलं. परत उघडलं.

"काकी, नाय ते."

"खय गेला?"

"मीच काढलं. मंडपाबरोबर."

"तुमी तरी सांगा ह्येका काय ता," काकी सवयीने नानांना म्हणाल्या. नानांनी गळ्यावरची पट्टी चाचपली आणि दीपकच्या खांद्यावर हात ठेवला. मेलो असतो तर बरं, अशा चेहऱ्याने दीपकने खाली पाहिलं.

आता मी जोडलेली आहे. क्लाउडवरही प्रत जाते. खात्री करायला दीपकने कंटेनर मुद्दाम मोडून पुन्हा उभारला. आतलं सारं जागच्या जागी मिळालं. मित्रांनो, ही मोडून पाहायची परीक्षा बोलणारा बोलतोय तोवरच घ्या. डिस्क नुसती शेजारी असून काही जपलं जात नाही.

माझ्या पोटात आज एकच आवाज आहे, दोन ठिकाणी अगदी सुरक्षित. दीपकचा. "हॅलो, हॅलो, चेक."