भामाबाईंचे ओले पाय

"पोरी, माझ्या बोटांत चिखल्या हायत. लेकराला न्हाऊ घालायला दुसरी बाई बघ," भामाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं. "मावशी, यंदा चिखल बघायला मिळंना, आणि तुम्हाला बऱ्या चिखल्या झाल्या!"

बी.ए. झालेली बाई मी. पण त्या दुष्काळात अख्ख्या गल्लीत पाय ओले असायचे ते फक्त भामाबाईंचे, हे माझ्या लक्षात आलं नाही. टँकरवरून चार घरांचं पाणी त्याच वाहायच्या. मग पाय लांब करून बसायच्या आणि माझ्या आठ महिन्यांच्या तारूला त्याच पायांवर पालथं घालून न्हाऊ घालायच्या.

तारूच्या जांघेत चट्टा उठला. मलमानं अर्धा गेला, अर्धा हटेना. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती, कचेऱ्या आल्या होत्या. त्वचेच्या डॉक्टरांसाठी मात्र आम्ही नांदेडची एस.टी. धरली. निघताना मी साठवणीतलं पाणी काढून भामाबाईंकडून तारूला लख्ख धुऊन घेतलं. घाणेरडं लेकरू डॉक्टरांपुढं कसं न्यायचं? ईश्वरप्पा डॉक्टरांनी खोली अंधारी करून जांभळा दिवा धरला. काहीच दिसलं नाही.

"पंधरा दिवसांत हटलं नाही, तर कातडी जरा खरवडून तपासू."

त्या 'खरवडून'च्या धास्तीनं दिवसातून वीसदा मी लंगोट सोडून बघायची.

दुसऱ्या खेपेला टँकर तीन दिवस आला नव्हता. तारू पारोशी, सोबत भामाबाई. दारातच मी कबुली दिली, "डॉक्टर, आज आंघोळ नाही हो घातली."

"मागच्या वेळी घातली होती?"

"साबण लावून."

"आन् म्या घासून!" भामाबाई अभिमानानं म्हणाल्या.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, जे बघायचं तेच धुऊन आणलंत!"

दिवा लागला. चट्ट्याच्या मधोमध पोवळ्यासारखा लाल उजेड!

"हे चमकतंय तो जिवाणूंचा रंग. आंघोळीत रंग धुऊन जातो, जिवाणू राहतात," डॉक्टर म्हणाले. "सोबत बुरशीही आहे. ही बुरशी चमकत नाही, ती कडेच्या पुळ्यांवरून नुसत्या डोळ्यांनी कळते. दोघं एकत्र नांदताहेत, आणि मलम होतं एकट्या बुरशीचं. आता खरवडायला नको."

पातं नाही, सुई नाही. तारू दिवा पकडायला झेपावत खिदळत होती. मला रडू आलं, ते आनंदाचं. आणि मग एकदम त्या चिखल्या आठवल्या.

"मावशी, चप्पल काढा."

"माझ्या पायाचं काय काढलंस गं आता?"

दिव्याखाली त्यांच्या बोटांच्या बेचक्या लालेलाल झाल्या.

"अगं बया! ह्या वयात पोवळ्याची जोडवी घातली की मला डॉक्टरसायबांनी!"

डॉक्टरसुद्धा हसले. "पायांवरून गेलं की एकाच टॉवेलावरून, सांगता येत नाही. औषध दोघींना. किती वर्षं आहे हे?"

"सात-आठ. कुणी इचारलंच न्हाई."

महिन्याभरात तारूच्या दोन्ही जांघा स्वच्छ, मावशींची दहा बोटं कोरडी. भामाबाईच तारूला न्हाऊ घालतात. आधी मी त्यांचे पाय पुसते, त्या लाजतात.

तुमच्याकडेही कुणी पाणी भरत असेल, लेकराला पायांवर घेत असेल. आज तिला घडीभर बसवा आणि तिच्या बोटांच्या बेचक्या बघा. ती "काय न्हाई" म्हणेल. तरी बघा.