सलग चाळीस मिनिटं

टेबलावर एक कॅमेरा, दोन लेन्स, तीन बॅटऱ्या आणि चेन तुटलेली एक बॅग होती. खोलीत माणसं चार, दार एक आणि खिडकी एक, तीही काळ्या कापडानं झाकलेली. पंखाही एकच होता आणि तो आता बंद व्हायचा होता.

"काय मोजपट्टी, झालं मोजून?" काकांनी विचारलं.

घरात तिला सगळे मोजपट्टीच म्हणत. वडील गेल्यावर ती आणि आई काकांकडेच राहिल्या. खालच्या मजल्यावरच्या या स्टुडिओत, दिव्यांच्या वायरी ओलांडतच ती लहानाची मोठी झाली. आता ती एका प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि सुट्टीच्या दिवशी छोट्या फिल्म करायच्या म्हणत होती. पहिली फिल्म ठरलेली होती. प्रयोगशाळेसाठी काचेची उपकरणं घडवणारा एक म्हातारा कारागीर होता. नागमोडी नळी वळवायला त्याला चाळीस मिनिटं लागत. मध्ये थांबलं की काच तडकायची, म्हणून तिला चित्रणही सलगच हवं होतं. कारखान्यात बाहेरच्या माणसाला सोडत ते फक्त रविवारी.

बाजारात तिनं एक नवा कॅमेरा बघून ठेवला होता. लहानसाच, पण तासभर न थांबता चालणारा. तेवढ्यात काकांनी स्वतःसाठी मोठा कॅमेरा घेतला आणि जुना तिच्यापुढे सरकवला.

"घरात असताना बाजारात कशाला? पैसे नकोत मला. शनिवार-रविवार माझ्याबरोबर समारंभांच्या शूटिंगला यायचं, बस. मला दुसरा हात हवाच आहे."

"किती करतात ते तुझ्यासाठी!" आई म्हणाली.

यावर नाही म्हणायची सोयच नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ. मग तिनं ठरवलं की नकार आपण द्यायचा नाही, तो कॅमेऱ्यालाच देऊ द्यायचा. आठवडाभरात तिनं तो वरच्या खोलीत तीनदा चालवून पाहिला. तिन्ही वेळा तो तापून आपोआप बंद पडला. सत्तावीस मिनिटं, सव्वीस, पुन्हा सत्तावीस. आकडे वहीत तारखेसह लिहिले आणि दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर ती म्हणाली, "सलग चाळीस मिनिटं चालला तर घेते, काका. तुमची अटही मान्य. नाही चालला तर मात्र नवा."

"शब्द?"

"शब्द."

आता काकांनी तिची वही उचलली, आकडे वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कॅमेऱ्याचा मागचा पडदा कसा ठेवला होतास?"

"मिटलेला. ओरखडे पडू नयेत म्हणून."

"आणि बॅटरी आतच?"

"मग कुठे असणार?"

"अगं शहाणे! पडदा पाठीला चिकटून बसला तर आतली गरमी जाणार कुठे? त्यात बॅटरी वेगळी तापते." त्यांनी पडदा उघडून बाजूला वळवला, बॅटरी काढली आणि तिच्या जागी भिंतीतल्या प्लगची वायर जोडली. "वीस वर्षं काय गोट्या खेळलो का मी?"

"कॉलेजात हे शिकवलं नाही वाटतं," चुलतभाऊ हसला.

तिचे कान तापले. तीनदा मोजलं होतं खरं, पण तिन्ही वेळा एकच चूक मोजली होती.

"काका, थांबा. मी आधी—"

"शूऽऽ!"

काकांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. स्टुडिओचा नियम तिला पाळण्यापासून पाठ होता. लाल दिवा लागला की दाराला कडी, पंखा बंद, तोंड बंद. हलायचंही नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असावा.

दहा मिनिटांत चुलतभावाचा शर्ट पाठीला चिकटला. विसाव्या मिनिटाला आईनं पदरानं मान पुसली. सव्विसावं मिनिट आलं. ती त्या लाल ठिपक्याकडे श्वास रोखून बघत राहिली. सत्तावीस. अठ्ठावीस. ठिपका जळतच होता.

म्हाताऱ्या कारागिराचा जावई त्याला पुढच्या महिन्यात आपल्या घरी नेणार होता. तोवर कारखान्याचे रविवार उरले होते तीन.

प्लगची वायर तिच्या उजव्या पायापासून वीतभर अंतरावर होती. एक ठेच पुरली असती. तिनं टाच उचलली. आई तिच्याकडेच बघत होती, कौतुकानं, डोळे भरून. काका डोळे मिटून बसले होते, एवढा त्यांचा तिच्यावर विश्वास. तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

तेहतीस. छत्तीस. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, तो तिनं पुसला नाही.

काकांनी डोळे उघडले, ते उठले आणि त्यांनी बटण दाबलं. चुलतभावानं कडी काढली. तिनं वही ओढली, पडद्यावरचा आकडा बघितला आणि चौथ्या ओळीत लिहिला.

एक्केचाळीस मिनिटं, सहा सेकंद.