मला तर दिसतंय की

मित्रांनो, मी रक्तपेढीच्या संगणकातलं एक जुनं लाल बटण बोलतोय. माझ्यावर दोनच शब्द आहेत, 'पिशवी रोखा'. मला दाबलं की वॉर्डातल्या पडद्यावर सूचना उमटते आणि ती पिशवी कोणी रुग्णाला लावत नाही.

सुरुवातीला मी सगळ्यांना दिसत असे. मग कोणीतरी घाईत अकरा चांगल्या पिशव्या रोखल्या. संगणक विभागातल्या दादांनी नियम केला की, मी फक्त प्रमुख बाईंना दिसावं. नियम योग्यच होता. बाई मला दाबण्याआधी चष्मा पुसत आणि लेबल दोनदा वाचत.

बाई निवृत्त झाल्या. दादांनी त्यांचं खातं बंद केलं. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. तेव्हापासून मी होतो तिथेच आहे, पण रक्तपेढीतल्या कोणाच्याच पडद्यावर उमटत नाही. कोंडलेल्या माणसाला निदान दार तरी वाजवता येतं.

रक्त तपासणाऱ्या ताईंनी दोनदा तक्रार केली. दादांनी आपल्या खात्यातून पाहिलं.

"मला तर दिसतंय की."

"तुम्हाला सगळंच दिसतं हो, दादा. आम्हाला नाही."

"एकदा बंद करून चालू करा बघू."

परवा दुपारी ताईंच्या लक्षात आलं की, दोन पिशव्यांची लेबलं अदलाबदल झाली आहेत. एक हातात होती, दुसरी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात पोचली होती. त्यांची नजर माझ्या जागेवरून तीनदा फिरली. मी तिथेच होतो, रिकाम्या चौकोनामागे. वॉर्डाचा फोन लागेना. शेवटी त्या धावत सुटल्या. एक चप्पल जिन्यातच राहिली.

परिचारिकेने नळी हातात घेतली होती.

"सिस्टर, थांबा. ती पिशवी खाली ठेवा."

पिशवी खाली ठेवली गेली. ताई तशाच एका चपलेने दादांकडे गेल्या.

"दादा, जरा माझ्या खुर्चीत येऊन बसता?"

दादा येऊन बसले. ताईंच्या खात्यातला पडदा त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"इथे तर काहीच नाही."

"तेच सांगत होते."

आता मी ताईंना दिसतो, आणि त्या रजेवर असल्या तर त्यांच्या सहकाऱ्याला. मित्रांनो, कुलूप जरूर लावा. पण किल्ली लागते की नाही, हे आपल्या खुर्चीतून तपासू नका.

माझ्या शेजारी अजून एक रिकामा चौकोन आहे. त्यामागेही एक बटण आहे. त्याच्यावर काय लिहिलंय, ते आता रक्तपेढीत कोणालाच आठवत नाही.