वाचता न आलेलं पोस्टकार्ड

मित्रांनो, मी एक जुनं पोस्टकार्ड आहे. मधोमध भोक आहे, त्याची हकीकत पुढे येईलच.

सिल्लोडच्या पुंजारामनं मला पंधरा पैशांना विकत घेतलं. त्याची सून आशाबाई त्याला रोज एक पुस्तक वाचून दाखवायची. औरंगाबादच्या केशवरावांनी आपलं लहानपण त्यात लिहिलं होतं. पुस्तक संपलं तशी केशवरावांना पत्र लिहिल्याशिवाय पुंजारामला चैन पडेना.

"मामा, तुम्ही सांगा, मी लिहिते की," आशाबाई म्हणाली.

"नगं. माझं मी बघतो."

पुंजाराम निजामाच्या काळात तीन इयत्ता उर्दू शाळेत शिकलेला. बोलणं मराठी, पण हाताला वळण उर्दू अक्षरांचं. त्यानं त्याच अक्षरांत मराठी मजकूर लिहिला. घरात कोणाला वाचता येणार नाही, म्हणून तो निर्धास्त होता. पत्ता तेवढा पुस्तकावरून बघून बघून वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत काढला.

तो निर्धास्त, पण माझा जीव टांगणीला लागला! पुढे तरी मला कोण वाचणार?

आणि झालंही तसंच. केशवरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. सून शैला मला उलटसुलट करून म्हणाली, "नाना, कुणाचं तरी उर्दू पत्र चुकून आलंय."

"पोस्टमनला परत दे," नाना म्हणाले. हल्ली त्यांना पत्रांची धास्तीच होती. नातेवाइकांनी पुस्तकावरून फार सुनावलं होतं, घरातली लाज चव्हाट्यावर मांडली म्हणून. शैलानं मला भिंतीवरच्या पत्रांच्या तारेत खोचलं. भोक पडलं ते तेव्हा. दुखलं नाही, पण परत जायच्या विचारानं मी गारठलो.

दुसऱ्या दिवशी पोस्टमन लतीफभाई आले. त्यांनी मला डोळ्यांजवळ धरलं.

"पता तो बराबर है, भाभी." ते पुटपुटत वाचू लागले आणि थबकले. "अरे, ये तो मराठी है!"

मग त्यांनी मोठ्यानं वाचलं. "सायेब, निजाम गेला त्या धामधुमीच्या साली तुमी बाजरीत लपले, भ्यानं चड्डी ओली झाली, समदं लिव्हलं. मीबी तवा आमच्या बाजरीत व्हतो. माझीबी झाली व्हती. बायकोलाबी कधी सांगितलं नाय. तुमचे लई उपकार."

शैला घाबरली. मला वाटलं, आता माझे तुकडे होणार.

"लतीफभाई, 'माझीबी' पासून परत वाचा," नाना म्हणाले. आणि पट्टीखालून पाण्याचा ओघळ गालावर आला.

"नाना! डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही!" शैला ओरडली.

"लागू दे," म्हणत नाना हसायलाच लागले. त्यांनी तिथल्या तिथे लतीफभाईंकडून उर्दू अक्षरांतच उत्तर लिहवून घेतलं.

मित्रांनो, वाचता येत नाही म्हणून कोणाचं पत्र परत धाडू नका, चुलीत तर मुळीच घालू नका. गल्लीत कोणाला तरी विचारा. मला पेटीत टाकल्यापासून पुंजाराम म्हणे रोज दुपारी टपालाच्या वेळी ओट्यावर येऊन बसत होता, आणि सुनेनं विचारलं की म्हणत होता, "काय नाय, हवा खातो."