गाडग्यातले दिवे

महापूर ओसरल्यावर शिरोळकडची एसटी पुन्हा सुरू झाली, आणि त्याच आठवड्यात तिथले हंबीरराव कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या मृत्युंजयच्या भांड्यांच्या दुकानात येऊन उभे राहिले. पायात चिखलानं पांढरी पडलेली पायताणं, दाढी वाढलेली, आणि हातात फडक्यानं तोंड बांधलेली बुट्टी. एरवी हा माणूस दुकानात शिरायच्या आधी त्याचा आवाज शिरायचा. आज मृत्युंजयनं मान वर केली तेव्हा तो किती वेळचा उभा होता कोण जाणे.

"बसा की, हंबीरराव. पाणी किती चढलं होतं?"

"वर चला, शेठ. हितं उघडायचं न्हाय."

वर म्हणजे दुकानामागच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावरची पत्र्याची खोली. तिथे मृत्युंजयची पाखरं होती. हंबीररावांनी खिडकी लावून घेतली, मग फडकं सोडलं. बुट्टीच्या तळाशी गवतात एक गोल्डियन मादी बसली होती. पाठीचा हिरवा रंग मळलेला, छातीचं जांभळं फिकट, पण डोळा लखलखीत.

"बाकीची?" मृत्युंजयनं विचारलं.

"माळ्यावर टांगलीती सगळी. म्हटलं, पाणी काय माळ्यापतोर येतंय. न्हाईच आलं. पर आमाला नावेतनं शाळंत न्हेलं, आन् तिथनं सोडंनात की. दाणं संपलं, गारठा बसला. परत गेलो तर ही एकटी. मेलेल्यांच्या अंगावर बसून ऊब घेतली आसंल तिनं, दुसरं काय." हंबीररावांनी बुट्टी पुढं सरकवली. "आता तुमच्याकडं नर हाय आन् माझ्याकडं मादी. उसनी देतो."

'उसनी मादी' हा कोल्हापूरच्या पाखरंवाल्यांचा जुना रिवाज. पैशाचा संबंध नाही. मादी द्यायची, पिल्लं सुटी झाली, म्हणजे स्वतः दाणे टिपू लागली, की मादी परत आणि पिल्लांतली निम्मी मादीवाल्याची. ना लिहून देणं, ना साक्षीदार. शब्द फिरवला त्याच्या दारात पुन्हा कुणी पाखरू घेऊन जात नसे.

मृत्युंजयनं मान डोलावली, पण त्याला हंबीररावांच्या नजरेला नजर देता येईना. त्या खोलीत एकेकाळी चाळीसेक गोल्डियन होती. आता एक नर उरला होता. आईलाच अंड्यांवर बसवतात म्हणून हंबीररावांना चिडवता चिडवता बाकीची संपली होती.

गोल्डियन हे मूळचं ऑस्ट्रेलियातलं, चिमणीहून लहान पाखरू. पाठ हिरवी, छाती जांभळी, पोट हळदीसारखं, आणि डोकं तांबडं नाहीतर काळं. तिथून ती थेट येत नसत. युरोपातल्या शौकिनांनी पिंजऱ्यात वाढवलेली मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे उतरायची. मृत्युंजयनं त्र्याण्णव साली दोन जोड्या तिथून आणल्या. हंबीररावांनी त्याच सुमारास ऊस घालून आलेल्या पैशातून कलकत्त्याचे पाखरंवाले गाठले. पुढे बर्ड फ्लूच्या भीतीनं परदेशी पाखरं आणायला बंदी आली, आणि जे होतं तेवढ्यावरच निभावायची वेळ आली.

निभावण्याचे दोघांचे मार्ग वेगळे. गोल्डियन नाजूक, जरा खडखडाट झाला की अंडी सोडून देतं. म्हणून मृत्युंजय अंडी पडतील तशी उचलायचा आणि बेंगालींच्या गाडग्यात ठेवायचा. बेंगाली हे तपकिरी-पांढरं, मातकट, साधं पाखरू, पण कुणाचीही अंडी उबवणार, कुणाचीही पिल्लं भरवणार. इकडे गोल्डियन मादीची अंडी गेली की ती पुन्हा घालायची. ती उचलली की पुन्हा. हंबीरराव मात्र आईलाच बसवायचे. वर्षाला पाच-सहा पिल्लं हाती लागायची, कधी तीही नाही.

"आईला कशाला राबवताय?" मृत्युंजय सगळ्यांच्या देखत म्हणायचा. "दाई ठेवा दाई. माझं बघा, कारखाना चाललाय."

कारखाना चालला खरा. पिल्लं इचलकरंजीला गेली, मिरजेला गेली. मग एकेक मादी मरू लागली. अंडी घालून घालून त्या आतून रिकाम्या झाल्या होत्या. अंडं अडकायचं, पंख पसरून मादी पिंजऱ्याच्या तळाशी बसायची, सकाळी गार. वाटलेली पाखरंही त्याच वाटेनं गेली. मृत्युंजयनं हे कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"माझ्या बाईला कारखान्यात घालू नका, शेठ," जाताना हंबीरराव म्हणाले. "ती बसती. तिला सवय हाय."

"शब्द दिला."

दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली. मादी सावरली, अंगावर रंग चढला. मृत्युंजयनं तिला तांबड्या डोक्याच्या नरासोबत मोठ्या पिंजऱ्यात सोडलं. कोपऱ्यात तोंड लहान असलेलं गाडगं बांधलं, वाळलं गवत ठेवलं, राळ्यासोबत अंड्याचं कवच टणक व्हायला समुद्रफेस ठेवला. आणि नर नाचला! चोच खाली, छाती फुगवलेली, काठीवर उभ्या उभ्या वर-खाली, वर-खाली. गोल्डियनचं गाणं इतकं बारीक की कान जाळीला लावावा लागतो. मृत्युंजयनं कान लावला, ऐकलं, आणि धडाधडा जिना उतरून खाली स्वयंपाकघरात गेला.

"दानम्मा, नाचालाय!"

"कुणाला बघून?" त्याची बायको भाकरी थापता थापता म्हणाली.

हे ती सहज बोलली. पण मृत्युंजय परत वर गेला तेव्हा त्याला ते दिसलं. मादी नराच्या डाव्या हाताला, अगदी शेजारी बसली होती. नर तिच्याकडे पाठ करून नाचत होता. समोरच्या भिंतीवरच्या पिंजऱ्यात एक तपकिरी बेंगाली मादी अंग खाजवत बसली होती.

त्यानं बेंगालींच्या पिंजऱ्यांवर चादरी टाकल्या. नर आवाजाच्या दिशेला तोंड करून बसला. पिंजरे खाली आणून स्वयंपाकघराच्या फडताळावर चढवले.

"अय्यो, आता पिठात पिसं!" दानम्मा करवादली. "मी पण जाते वर. तिथं जागा झाली असंल."

जिन्यातून बेंगालींची किरकिर वर जायची आणि नर हाक घालायचा. शेवटी मृत्युंजयनं सगळे बेंगाली स्कूटरवर घालून कसबा बावड्याला आकारामकडे पोचवले. आकाराम साखर कारखान्यात कामाला, पाखरांचा जुना सोबती.

"दाया काढून टाकल्यास?" तो हसून म्हणाला. "म्हातारपणी सुचलं व्हय?"

वरच्या खोलीत शांतता झाली. नर नाचायचा थांबला. खायचा, प्यायचा, आणि खालच्या काठीवर जाऊन बसायचा. मादी जवळ सरकली की तो एक पाऊल बाजूला व्हायचा. भांडण नव्हतं, मारामारी नव्हती. एसटीत अनोळखी बाई शेजारी बसल्यावर माणूस सरकतो, तसं ते सरकणं होतं. मृत्युंजय स्टूल टाकून तासन्‌तास बघायचा. हा नर अंड्यातून बाहेर पडला तो बेंगालीच्या पोटाखाली. डोळे उघडले ते तपकिरी पिसांत, आणि आपली जात म्हणून तोच रंग त्याच्या मनात बसला. त्याच्या बापाचंही तसंच, आज्याचंही तसंच. आजवर हे आडवं आलं नव्हतं, कारण पिंजऱ्यात दाटी होती आणि चाळिसांतला एखादा तरी बरोबर मादीकडे वळत होता. आता चाळीस नव्हते.

मादीनं मात्र नराची वाट बघितली नाही. तिनं गवत ओढून गाडग्यात घरटं केलं, अंडी घातली आणि बसली. फोनवर हंबीरराव रोज विचारू लागले. आठव्या दिवशी मृत्युंजयनं एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं. आत शिर नाही, ठिपका नाही. काचेसारखी कोरी.

"भरल्यात का?" फोनवरून हंबीरराव ओरडले.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मृत्युंजयच्या तोंडून निघालं, "भरल्यात."

ती अंडी त्यानं काढली आणि चूक केली, कारण मादीनं लगेच दुसरी घातली. तीही कोरी. या वेळी शेवटचं अंडं घालताना ती अर्धा दिवस पंख पसरून तळाशी बसली होती. मृत्युंजयला ते बसणं ओळखीचं होतं. आणखी एकदा घातली तर ही जाणार. तिला थांबवायचं तर तिच्याखाली पिल्लं हवीत. भरवायला तोंडं असली की मादी अंडी घालत नाही.

तो बावड्याला गेला आणि काड्यापेटीत कापूस घालून बेंगालीची चार अंडी घेऊन आला.

"ह्ये काय उलटं?" आकारामनं विचारलं. "बेंगालीची अंडी गोल्डियनखाली?"

"तिचा जीव वाचंल."

"आन् शिरोळकराला काय सांगणार?"

मृत्युंजयनं स्कूटरला किक मारली. त्यानं उत्तर ठरवून ठेवलं होतं. पिल्लं निघाली म्हणायचं, मग थंडीनं गेली म्हणायचं. थंडीनं पिल्लं जातातच. हंबीरराव हळहळतील आणि पुढच्या हंगामाचं बोलतील. तोवर कदाचित बंदी उठेल, मुंबईला नवीन पाखरं उतरतील, आणि झालं गेलं झाकून जाईल.

मादीनं अंडी उबवली. चारही फुटली. ती दिवसभर आत-बाहेर करून भरवू लागली. आजवर या खोलीत कुठल्याही गोल्डियननं पिल्लं इतकी नीट भरवली नव्हती. मृत्युंजयनं फोन करून सांगितलं, "निघाल्यात. चार." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

आठवड्याभरात टीव्हीवर नवापूरची बातमी आली. कोंबड्यांना बर्ड फ्लू. पांढऱ्या कपड्यांतली माणसं पोती भरत होती, खड्ड्यात टाकत होती. पेठेत कोंबडी कुणी विचारेना. शेजारच्या शालूबाई दारात येऊन म्हणाल्या, "दानम्मा, ती वरची पाखरं टाका की बाई, पोराबाळांचं घर हाय." आता बंदी उठत नाही, हे मृत्युंजयला बातमी संपायच्या आतच कळलं.

शिरोळलाही कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी हंबीरराव आले. फोन न करता, दाढी करून, धुतलेल्या कपड्यांत, हातात रिकामी बुट्टी. दुकानात थांबलेच नाहीत.

"शेठ, आता आपलीच चार. देशात दुसरी न्हाईत आसं समजायचं. चला, बघू दे."

"भरवालीय ती. बुजंल."

"माझी बाई मला बुजती व्हय?"

जिन्यात मृत्युंजय दोनदा थांबला. दोन्ही वेळा हंबीरराव त्याच्या पुढे गेले.

खोलीत नर खालच्या काठीवर नव्हता. पिल्लांची किरकिर वाढली तसा तो गेले दोन दिवस वर येऊन बसला होता, गाडग्याला जवळजवळ चिकटून, मान वाकडी करून ऐकत. हंबीररावांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाप झालं की रं बेणं! बघा, हलंना तिथनं."

मग त्यांनी खिडकी लावली आणि खांद्यावरचा टॉवेल डोक्यावरून घेतला. ते काय करणार हे मृत्युंजयला ठाऊक होतं. गोल्डियनच्या पिल्लाच्या तोंडाच्या कोपऱ्यांत निळसर मणी असतात. अंधाऱ्या घरट्यात जरासा उजेड शिरला तरी ते चमकतात, म्हणजे आईला काळोखातही कुठे भरवायचं ते दिसतं. हंबीरराव त्यांना दिवे म्हणायचे. पिल्लं निघाली की पाव्हण्यारावळ्यांना बोलावून दाखवायचे, 'आमच्यात दिवाळी हाय.'

त्यांनी तोंड गाडग्याशी नेलं आणि जिभेनं हलकेच टकटक केलं. आतून चार तोंडं वासल्याची किरकिर आली.

हंबीरराव तसेच वाकून राहिले. पुन्हा टकटक केलं. पुन्हा किरकिर. टॉवेलाखालून त्यांचा आवाज आला, अगदी हळू.

"दिवं न्हाईत."

मृत्युंजय जमिनीवर सांडलेलं राळं पायानं गोळा करू लागला.

"शेठ, दिवं न्हाईत आत."

"बेंगालीची हायत ती," मृत्युंजय म्हणाला. "आपली कोरी निघाली. दोन्ही वेळा. नर तिच्याकडं बघत न्हाय. त्याला बेंगालीच लागती. ती घालून घालून मरंल म्हणून तिच्याखाली ही ठेवली. तुम्हाला सांगायला..."

हंबीररावांनी टॉवेल काढला, खिडकी उघडली. उजेडात त्यांचे डोळे तांबडे दिसले. मृत्युंजयला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते स्टुलावर बसून नराकडे बघत राहिले.

"नरच हाय न्हवं त्यो? धडधाकट?"

"धडधाकट हाय."

"चाळीस होती तुमच्याकडं." ते एवढंच म्हणाले.

दानम्मा चहा घेऊन आली. "भावजी, घ्या," म्हणाली, दोघांची तोंडं बघितली आणि कप खाली ठेवून उभी राहिली. चहावर साय धरली.

"पिल्लं सुटी झाली की सांगा," उठताना हंबीरराव म्हणाले. "माझी मादी न्हेणार. आन् निम्मी पिल्लं."

"बेंगाली? ती घेऊन काय करणार, हंबीरराव? बावड्याला ढीग हाय."

"ठरलं ते ठरलं. आन् बावड्याची त्यांच्या आईनं वाढवल्यात. ही हिनं वाढवल्यात." त्यांनी रिकामी बुट्टी उचलली. "तुमच्या नराला जसं झालं तसं ह्यास्नी हुईल. ह्यातला एखादा नर निघाला तर मोठा होऊन हिच्याम्होरं नाचंल. पिल्लं न्हाईत व्हायची, म्हाईत हाय मला. पर कुणीतरी बघंल की तिच्याकडं, जगंल तवर."

ते जिना उतरून गेले. खाली दुकानात कुणीतरी पातेलं वाजवून बघत होतं. तो आवाज थांबल्यावर मादी काठीवरून उडाली, पोटातलं राळं चोचीत आणत आणत गाडग्याच्या तोंडाशी बसली आणि आत शिरली. नर गाडग्याजवळ बसून ऐकत होता. ती त्याच्या अंगाला घासून गेली, तेव्हा तो एक पाऊल बाजूला झाला.