आपलं पेट्रोल

“कोणतं भरू?” पंपावरच्या मुलीने विचारलं.

“आपलं,” मी म्हणाले.

ती थांबली. “आपलं म्हणजे?”

मशीनवर तीन नळ्या होत्या, चढत्या प्रतीच्या आणि चढत्या भावाच्या पेट्रोलच्या. एक्क्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. मागे एक टेम्पो येऊन उभा राहिला होता. ‘आपलं’ म्हणजे यातलं नक्की कोणतं, हे मला ठाऊक नव्हतं.

बाबा पंपावर यायचे, काच खाली करायचे आणि म्हणायचे, “आपलं भर.” भरणाऱ्याला कळायचं. गाडी मालकांची, पेट्रोल मालकांचं, पण बाबांच्या तोंडी सगळं आपलंच. आपली गाडी, आपला टायर, आपला हॉर्न. आई होती तेव्हा चिडवायची, “आपली गाडी म्हणे. मग आपल्या दारात का नाही उभी राहत?” बाबा बूट काढता काढता शांतपणे सांगायचे, “दार लहान पडतं आपलं.”

आई गेली. पुढे मालक गेले, मग मालकीणबाई. ती लांब काळी गाडी मात्र राहिली आणि तिच्यासोबत बाबा राहिले. बाईंचा मुलगा परदेशात असतो. त्याने गाडी एका डॉक्टरांना विकली आणि बाबांना कळवलं, काका, तेवढी नेऊन द्या. बाबांनी गाडी धुतली, बॅटरी बदलून घेतली, डॉक्टरांना फोन करून वार पक्का केला. “खुशाल चढावर घालून बघा,” असंही त्यांना सांगितलं. आणि तो वार यायच्या आधी एका दुपारी जेवून जरा पडले, ते उठलेच नाहीत.

“मी दुसरा ड्रायव्हर बघतो, ताई,” बाईंचा मुलगा फोनवर म्हणाला होता.

“नको. मी नेते.”

बाबांचं एवढं एकच काम राहिलं होतं. ते त्यांनी केलं असतं तसंच व्हायला हवं होतं. चढावर गाडीने जरा जरी कुरकुर केली असती, तरी डॉक्टरांच्या मनात आलं असतं, ड्रायव्हरने सांभाळली नाही वाटतं.

“टाकीच्या झाकणावर आतून लिहिलेलं असतं, बघा,” मुलगी म्हणाली.

मी उतरले. झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकर होता, पण त्यावर काही नव्हतं. बाबा रोज गाडी पुसायचे आणि हे झाकण उघडून आतूनही पुसायचे. पुसून पुसून त्यांनी आकडाच घालवला होता. कोपऱ्यात एका गोलाचा तुकडा तेवढा उरला होता. तो पाचाचा असू शकत होता, आठाचाही.

“किती पुसायचं ते,” मुलगी स्वतःशीच म्हणाली.

गाडीचं माहितीपुस्तक कागदपत्रांबरोबर आधीच डॉक्टरांकडे पोचलं होतं. त्यांना फोन करून विचारता आलं असतं. पण ज्या माणसाने सगळं आयुष्य ही गाडी चालवली, त्याच्या घरात तिचं पेट्रोल कुणाला माहीत नाही, हे मला त्यांच्या कानावर घालायचं नव्हतं. मी बाईंच्या मुलाला फोन लावला.

“मला काय माहीत, ताई? काकाच बघायचे ना सगळं. सगळ्यात वरचं टाका आणि विषय संपवा.”

टेम्पोवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “ओ बाई, पेट्रोल निवडताय की जावई?”

मुलीने केबिनकडे बघून हाक मारली, “दादा, जरा बाहेर या हो.”

पिकल्या मिशांचा एक माणूस बाहेर आला. चष्मा कपाळावर चढवलेला. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ही तर काकांची गाडी. काका कुठायत?”

“मी त्यांची मुलगी,” मी म्हणाले. त्याला तेवढ्यावरच कळलं. त्याने चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा कपाळावर चढवला.

“अहो, परवा परवा तर हवा भरून गेले,” तो म्हणाला. जणू त्यावरून काही सिद्ध होणार होतं. मग त्याने टेम्पोवाल्याला हातानेच पलीकडच्या मशीनवर पिटाळलं.

“बाबा ‘आपलं’ म्हणायचे, ते कोणतं?”

तो हसला. “हिला पंच्याण्णव लागतं. एक्क्याण्णव घालू नका, चढावर इंजिन आतून टकटक करतं. अठ्ठ्याण्णव घातलं, तर हिला काही फरक पडत नाही. काकांना शंभरदा सांगितलं असेल मी.”

“म्हणजे पंच्याण्णव भरायचे?”

“छे हो. अठ्ठ्याण्णव. कायम. मी म्हणायचो, काका, गाडीला पंच्याण्णव पुरतं, हे अठ्ठ्याण्णव तुम्हाला लागतं. तर म्हणायचे, बरोबर आहे, तिला पुरतं. मला पुरत नाही.”

घरी बाबा झिजलेल्या शर्टाची कॉलर उलटी करून शिवून घ्यायचे. ताटात वाढलेलं कमी पडलं तरी पाणी पिऊन उठायचे. मला पुरत नाही, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ते त्यांनी इथे, या माणसाजवळ बोलून ठेवलं होतं.

“मग काय भरू?” मुलीने विचारलं.

“अठ्ठ्याण्णव.”

दादांनी तिच्या हातातून नळी घेतली आणि स्वतः भरलं.

डॉक्टरांचं घर टेकडीवर होतं. ते फाटकाशी उभेच होते, ताडमाड उंच. बाबांबद्दल दोन शब्द बोलले, फार नाही. मग माझ्या शेजारी येऊन बसले.

“आधी तुम्हीच चालवा. मी ऐकतो.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी गाडी चढावर घातली. वळणावर वेग कमी करून पुन्हा वाढवला, कान इंजिनाकडे. कुठे काही वाजलं नाही. इतक्या शांततेत बोलायला काहीतरी हवं होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तो माणूस गाडीत नव्हता.

“ठणठणीत,” डॉक्टर म्हणाले. “पेट्रोल कोणतं घालायचं हिला?”

“पंच्याण्णव. त्याच्या वरचं लागत नाही.”

परत फाटकाशी आल्यावर ते माझ्या जागेवर बसायला गेले. गुडघे स्टिअरिंगला अडकले. माझी उंची बाबांएवढीच, मला सीट हलवावी लागली नव्हती. त्यांनी चाचपडत बटण शोधलं आणि सीट घरघरत मागे नेली. मग दारावरची आकड्यांची बटणं त्यांना दिसली. कुतूहलाने त्यांनी एक नंबरचं बटण दाबलं.

सीट आपणहून पुढे निघाली. पुढे आली, थोडी वर उचलली गेली, पाठ ताठ झाली. बाहेरचा आरसा खाली झुकला. डॉक्टर पोटाशी गुडघे घेऊन अडकले आणि हसायला लागले.

“हे कोण इतकं पुढे बसायचं?”

“बाबा.”

त्यांचं हसणं थांबलं. गुडघे तसेच दुमडलेले ठेवून त्यांनी बटणावरचं बोट काढलं.

“हा एक नंबर राहू दे असाच,” ते म्हणाले. “मी माझी बैठक दोनवर साठवतो.”

“नको,” मी म्हणाले. “गाडी तुमची आहे. तुम्ही एकच घ्या.”

सीट मागे जायला लागली. सावकाश, कुणाला धक्का लागू नये अशी. पाठ कलली, आरसा वर फिरला. आपली बैठक साठवायला डॉक्टरांनी एक नंबर दाबून धरला. आत कुठेतरी बारीकसं टिंग झालं.